रंकाळ्याचा एक तास आणि उरलेले तेवीस

"मॅडम, रोज पहाटे रंकाळ्याला तासभर चालतोय. पाऊस असला तरी खाडा नाही. मग साखर वाढलीच कशी?"

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दुकान असलेले एक काका रिपोर्ट माझ्यापुढं सरकवत विचारत होते. आवाजात राग होता आणि तो रास्तच होता, कारण सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. मी एवढंच विचारलं, "आणि चालून आल्यावर?"

"आल्यावर काय, दुकान."

दुकान म्हणजे सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ गादीवर बैठक. डबा तिथंच, चहा तिथंच. घर मंगळवार पेठेत, म्हणजे रमतगमत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, पण तेही गाडीवरून. मग जेवण, टीव्ही आणि झोप.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर, मान, गुडघे, टाचा घेऊन माणसं माझ्याकडं येतात आणि काकांचा हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडांनी सारखा ऐकते. दुसऱ्या टोकाला तरुण मुलं असतात. जिमची वर्षाची फी भरायची, तिसऱ्या महिन्यात जाणं बंद करायचं आणि मग स्वतःला आळशी म्हणत राहायचं. काकांचं आणि या मुलांचं दुखणं वेगळं दिसतं, पण दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. आपलं शरीर मुळात कुठल्या जगण्यासाठी घडलं, ते बघावं लागतं.

शरीराची जुनी वाट

आपल्यासारखी माणसं या पृथ्वीवर साधारण 3 लाख वर्षांपासून आहेत. आकडा मोठा आहे, डोक्यात बसत नाही. म्हणून कोल्हापूर ते जोतिबाची वाट डोळ्यांपुढं आणा. ती 18 किलोमीटर धरू आणि ही सगळी वाट म्हणजे ती 3 लाख वर्षं समजू. शेवटचे सातशे मीटर उरले, तेव्हा कुठं माणूस शेती करायला लागला. त्याआधीची सगळी वाट त्यानं शिकार करत, कंद खणत, फळं आणि मध गोळा करत कापली. दिवसभर बसून पोट भरायची सोय सामान्य माणसाला मिळाली ती देवळाच्या दारातल्या शेवटच्या पाच-सहा पावलांत. एवढ्या पावलांत हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या आपला स्वभाव बदलत नाहीत.

त्या लांबलचक वाटेच्या खुणा आपल्या अंगावर आहेत. टाचेमागचा जाड दोर चाचपून बघा. तो स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि पाऊल पुढं टाकताना ती शक्ती परत देतो. नितंबाचा मोठा स्नायू धावताना धड पुढं कोलमडू देत नाही. मानेच्या मागचा बंध धावताना डोकं स्थिर ठेवतो. शिवाय अंगभर 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथी आहेत, त्यामुळं दुपारच्या उन्हातही आपण स्वतःला थंड ठेवत लांबवर जाऊ शकतो. 2004 साली डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनिएल लीबरमन या शास्त्रज्ञांनी या खुणा एकत्र मांडून दाखवलं, की माणूस वेगात हरणाला हरतो, पण दमात तो फार पुढचा गडी आहे.

माणसाचे जवळचे नातलग म्हणजे चिंपांझी. ते दिवसाला दोन-तीन किलोमीटर फिरतात, बाकी वेळ खातात, अंग खाजवतात, लोळतात. तरीही आपल्यासारख्या तुंबलेल्या हृदयवाहिन्या त्यांच्यात सहसा आढळत नाहीत. त्यांच्या शरीराला तेवढी हालचाल पुरते, आपल्याला ती पुरत नाही. आपले पूर्वज जंगलातून माळरानावर आले, अन्न लांब-लांब विखुरलेलं मिळू लागलं आणि लाखो वर्षांत शरीराचं सगळं आतलं कामकाज या चालण्याच्या हिशोबानं बसलं. म्हणजे चालणं ही आपल्यासाठी वरकमाई नव्हे. शरीर ते गृहीत धरून चाललेलं आहे.

टांझानियातल्या एयासी तलावाजवळ हाड्झा नावाची जमात राहते. लोकसंख्या हजाराच्या आसपास, आणि त्यांतले काही अजून धनुष्यबाणानं शिकार करून, टोकदार काठीनं कंद उकरून जगतात. ती आजची माणसं आहेत, जुन्या काळातून उचलून आणलेली नव्हेत. पण पोटासाठी रोज काय करावं लागायचं, याचा अंदाज त्यांच्याकडं बघून येतो. पुरुष दिवसाला सरासरी 11 किलोमीटरच्या आसपास चालतात, बायका 6 किलोमीटरच्या आसपास, त्यातही पाठीवर मूल आणि येताना डोईवर ओझं. छातीला यंत्रं लावून मोजलं तेव्हा दिसलं, की दम लागेल किंवा ठोके वाढतील अशी हालचाल ते रोज सुमारे 135 मिनिटं करतात. जागतिक आरोग्य संघटना आपल्याला आठवड्यात 150 ते 300 मिनिटं करा म्हणते. म्हणजे आपला आठवड्याचा किमान कोटा ते जवळजवळ एका दिवसात संपवतात.

इथवर ऐकलं की माझे पेशंट मान डोलावतात, "म्हणजे आम्ही कमी पडतो." थांबा जरा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढं आहे.

बसतात तेही, पण कसे

2020 साली हाड्झांच्या बसण्याचाही अभ्यास झाला. मांडीला यंत्रं बांधून मोजल्यावर कळलं, की दिवसात ते जवळजवळ 10 तास विसावलेले असतात. गुजरीतल्या काकांपेक्षा फार कमी नाही! मग त्यांचं हृदय म्हातारपणापर्यंत ठणठणीत कसं?

फरक बसण्याच्या तऱ्हेत होता. हाड्झांकडं खुर्च्या नाहीत. ते उकिडवे बसतात, गुडघ्यावर बसतात, जमिनीवर पाय पसरून बसतात, घटकाभरानं उठतात, पुन्हा बसतात. नुसतं उकिडवं बसणंच दिवसाला दोन तासांच्या आसपास भरतं. त्या वेळी पायांचे स्नायू झोपलेले नसतात. ते मंद जळत असतात, चुलीत राखेखाली विस्तव राहतो तसे. खुर्चीत किंवा सोफ्यात मात्र सगळा भार लाकडावर आणि फोमवर जातो आणि मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू पार विझतात.

आता हे उकिडवं बसणं कोल्हापूरच्या माणसाला शिकवायचं म्हणजे नवलच. माझी आजी राधानगरी तालुक्यातली. पहाटे म्हशीची धार काढायला उकिडवी, भाकरी थापायला खाली, शेतात भांगलायला खुरपं घेऊन उकिडवीच, तीही सरकत-सरकत. पाट्यावर वाटण, जात्यावर दळण, डोक्यावर वैरणीचा भारा. तिला व्यायाम हा शब्द माहीत होता, पण तो तालमीतल्या पोरांसाठीचा. तिच्या दिवसात त्याला वेगळी जागाच नव्हती. दोन पिढ्यांत आपण ओटा उंच केला, संडास कमोडचा केला, देवघरसुद्धा उभ्यानं पूजा करता येईल असं बांधलं. प्रत्येक बदल सोयीचा होता आणि म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी काही तर गरजेचेच होते. पण सगळे मिळून जमिनीपर्यंत जाऊन उठण्याची दिवसातली पन्नास निमित्तं घेऊन गेले. आज चाळिशीतला माणूस माझ्याकडं येतो आणि त्याला टाचा टेकवून खाली बसता येत नाही. मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

काकांच्या साखरेचं कोडं इथं सुटतं. जेवणानंतर रक्तात साखर येते. तिचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठाराचं दार एरवी इन्शुलिन उघडतं. पण स्नायू हलत असला तर तो इन्शुलिनची वाट न बघता स्वतःच दार उघडून साखर आत घेतो. मधुमेहात इन्शुलिनची किल्ली नीट चालत नाही, म्हणून हे दुसरं दार फार मोलाचं. काका चालतात पहाटे, उपाशीपोटी. ते चांगलंच आहे. पण साखर चढते ती जेवणानंतर, आणि त्या वेळी त्यांच्या अंगातला सगळ्यात मोठा स्नायूसमूह गादीवर विझून पडलेला असतो. 2012 साली ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या लोकांना काही तास बसवून ठेवलं आणि दर 20 मिनिटांनी फक्त 2 मिनिटं सावकाश चालवलं. सलग बसलेल्या दिवसाच्या मानानं त्यांची जेवणानंतरची साखर आणि इन्शुलिन दोन्ही स्पष्ट कमी भरली.

आपल्याकडं यासाठी एक सुंदर शब्द आधीपासून आहे, शतपावली. जेवण झालं की शंभर पावलं. रात्रीच्या जेवणानंतर आजोबा अंगणात येरझाऱ्या घालायचे, ते या दुसऱ्या दाराची कडी काढत होते.

बसणं आणि चालणं यांचा फरक पहिल्यांदा आकड्यांत पकडला तो लंडनच्या बसमध्ये. 1953 साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. दोघं एकाच बसवर, साधारण एकाच पगारवर्गातले. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार बराच कमी होता, आणि झाला तरी कमी जीवघेणा. कंडक्टर सकाळी व्यायाम करून येत नव्हते. त्यांचा दिवसच तसा होता.

वजनाचा गैरसमज

आता एक गोष्ट, जी ऐकून मी स्वतः पहिल्यांदा थक्क झाले होते. 2012 साली हर्मन पाँट्झर यांच्या गटानं हाड्झा दिवसभरात किती उष्मांक जाळतात ते मोजलं. रीत अशी: हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जरा जड रूपं घातलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि पुढचे काही दिवस लघवी तपासत राहायचं. त्यावरून शरीरानं किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, म्हणजे किती इंधन जाळलं, ते नेमकं कळतं. एवढं चालणारी, खणणारी माणसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाळत असणार असं सगळ्यांनाच वाटलं होतं. तसं निघालं नाही. अंगाच्या आकारमानाचा हिशोब केल्यावर हाड्झांचा रोजचा खर्च अमेरिका-युरोपातल्या बसून काम करणाऱ्या माणसांएवढाच भरला.

याचा अर्थ काय? पाँट्झर यांचं म्हणणं असं, की शरीर ठरलेल्या पगारात चालणाऱ्या घरासारखं आहे. चालण्यावर जास्त खर्च झाला की ते दुसरीकडं हात आखडतं. आणि जिथं आखडतं ती जागा आपल्या फायद्याची आहे: अंगात उगाच धुमसत राहणारा दाह, ताणाच्या संप्रेरकांचा अतिरेक. बसून राहणाऱ्या शरीरात तोच पैसा शिल्लक राहतो आणि नको तिथं उधळला जातो.

हे मला एवढं महत्त्वाचं का वाटतं? कारण "महिनाभर चाललो, काटा हलला नाही" म्हणून चालणं सोडणारी माणसं मी रोज बघते. वजनाचं गणित बरंचसं ताटात असतं. चालण्याचा फायदा रक्तवाहिन्यांत, साखरेत, झोपेत, मनात, हाडांत होतो आणि तो वजनकाट्याला दिसत नाही. काटा हलला नाही म्हणून रंकाळा सोडू नका.

तालमीत जे आधीच होतं

हे सगळं ऐकून लोकांना वाटतं मी तालमीच्या किंवा जिमच्या विरोधात आहे. छे. जुन्या हालचालींचा साठा आपल्या गावात कुठं जपला असेल तर तो तालमीतच.

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन बघा. जोर मारताना पूर्ण शरीर ढकललं जातं. बैठकीत माणूस शंभर-शंभर वेळा जमिनीपर्यंत जाऊन उठतो. दोर चढला जातो. जोडीदाराचं ओझं उचललं, ओढलं, ढकललं जातं. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे फावडं घेऊन आखाड्याची लाल माती उकरणं. हाड्झा बाई काठीनं कंद खणते तेव्हा कंबर, खांदे, पंजे, श्वास सगळं एका लयीत लागतं. आखाडा उकरणाऱ्या पोराच्या अंगात तीच लय दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान उभं केलं तेव्हा कुणाच्या डोक्यात उत्क्रांती नव्हती, पण पिढ्यानपिढ्या घासून तयार झालेली ही मेहनत शरीराला नेमकी ओळखीची आहे.

तालमीकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे, विश्रांती. मेहनत झाली की पैलवान खातो आणि झोपतो, त्यात त्याला अपराधी वाटत नाही. वस्ताद रोज तेवढंच अंग पिळत नाहीत, कधी दमवतात, कधी हलकं सोडतात. शिकाऱ्याचं आयुष्यही असंच होतं. एक दिवस जनावराच्या मागं मैलोन्‌मैल, मग मांस मिळालं की दोन दिवस निवांत. आपण मात्र मशीनवर रोज तोच वेग, तेवढीच मिनिटं लावतो, कंटाळतो आणि गुडघा धरून बसतो.

एक काळजी मात्र सांगते. आखाडा सुटल्यावर खुराक तसाच आणि मेहनत शून्य, अशी माजी पैलवान मंडळी मी बरीच बघितली आहेत. शरीर जुन्या मेहनतीवर व्याज देत नाही.

कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत

या विषयावर लिहिताना एक मोह होतो, जुनं ते सगळं सोन्याचं म्हणायचा. तो टाळायला हवा. हाड्झांमध्ये बालमृत्यू फार आहेत. जंतुसंसर्ग, अपघात, साप यांनी माणसं जातात. आपल्याला त्यांच्या हालचालीचा नमुना हवा आहे, हाल नकोत.

आणि हे मी कोल्हापुरात बसून लिहिते, जिथं दर हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे अंधारात फडात, दिवसभर कोयता, मग मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणं, रात्री कधी गाडी भरेल त्याचा नेम नाही. हाड्झांपेक्षाही ते जास्त राबतात. त्यांना कुणी "वा, केवढा व्यायाम" म्हणालं तर तो त्यांचा अपमान आहे. डेन्मार्क आणि इतर देशांतल्या अभ्यासांत हे दिसलंय, की मोकळ्या वेळेतली हालचाल हृदयाला जपते, पण पोटासाठीचं तासन्‌तास चालणारं जड काम तसं जपतंच असं नाही, कधी उलटतंही. कारण सरळ आहे. शिकारी दमला की झाडाखाली बसतो. उचल घेतलेल्या मजुराला बसता येत नाही. ओझं तेच, पण विसावा, झोप, पोटभर अन्न आणि थांबायचा हक्क नाही. दिवसभर रोजंदारीवर भांगलून आलेल्या मावशी माझ्याकडं कंबर धरून येतात तेव्हा मी त्यांना व्यायाम वाढवायला सांगत नाही. आधी झोप आणि जेवण विचारते.

2022 सालचा अंदाज सांगतो, की भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही: बायकांमध्ये 57 टक्के, पुरुषांमध्ये 42. घरातल्या बाईला दिवसभर काम आहे आणि तरी तिची हालचाल अपुरी, हे कोडं वाटतं. पण ओट्याजवळ तासन्‌तास उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, आणि दम लागेल असं काही त्यात कमीच. त्यावर "मला वेळ कुठाय" हे तिचं वाक्य शंभर टक्के खरं असतं. घरातल्यांनी तिचा अर्धा तास मोकळा करून देणं, हा मी लिहून दिलेला सगळ्यात उपयोगी व्यायाम आहे.

मग दिवस कसा बसवायचा

जिमचं कार्ड असो-नसो, आधी दिवसाकडं बघा. सलग किती वेळ बसता? अर्धा-पाऊण तास झाला की उठायचं, दोन मिनिटं हलायचं. फोन आला की उभं राहून बोला. पाण्याची बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी तांब्या लांब ठेवा. दुपारी आणि रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. साखर असलेल्यांना तर मी हे औषधासारखं सांगते.

चालण्याचा आकडा फार मनावर घेऊ नका. 10 हजार पावलांचा नियम 1965 च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं यंत्र विकताना रुळला. त्या यंत्राच्या नावातच दहा हजार होतं. 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी 72 वर्षांच्या बायकांमध्ये 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी होता आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा फारसा वाढला नाही. कोल्हापूर यासाठी केवढं सोयीचं गाव आहे! आपल्या पेठा एकमेकींना खेटून आहेत. गंगावेशीतून महाद्वार रोडला जायला आपण गाडी काढतो आणि मग पार्किंग शोधत तेवढाच वेळ घालवतो.

दिवसातून दोन-तीनदा दम लागला पाहिजे, मिनिट-दोन मिनिटं का असेना. ब्रिटनमधल्या, कधीही व्यायाम न करणाऱ्या 25 हजारांवर लोकांच्या मनगटाला यंत्रं बांधून केलेल्या अभ्यासात, जे दिवसात तीनेक वेळा असे छोटे झपाटे मारत होते, म्हणजे जिना भरभर चढणं, पिशव्या घेऊन झपझप चालणं, त्यांच्यातले मृत्यू ठळकपणे कमी होते. हा अभ्यास 2022 चा. त्यानं झपाटा हेच कारण असल्याचं पक्कं सिद्ध होत नाही, पण जिन्याला पैसे पडत नाहीत. छातीत दुखत असेल, आधी हृदयाचा त्रास झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय झपाटे नकोत.

ओझं उचला. बाजारातून माळवं आणताना दोन्ही हातांत सारख्या पिशव्या घ्या. आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जड काम हवंच: जोर, बैठका, वजनं, काहीही. आणि जमिनीशी ओळख ठेवा. भाजी निवडायला खाली बसा, पेपर खाली बसून वाचा, हाताचा टेकू न घेता उठून बघा. टाचा टेकत नसतील तर टाचेखाली जाड पुस्तक ठेवून, खिडकीचा गज धरून सुरुवात करा. गुडघ्याची झीज असेल तर उकिडवं बसायचा हट्ट नको, उंच पाटावर बसून उठणंही चालतं.

आणि एकटे करू नका. हाड्झा बायका कंद खणायला टोळीनं जातात, गप्पा मारत. आपल्याकडं पैऱ्यानं कामं व्हायची, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ट्रेडमिलवर भिंतीकडं बघत चालायला जिवावर येतं, त्यात नवल काय? लाखो वर्षं आपण कारणाशिवाय आणि सोबतीशिवाय कधी पळालोच नाही. ज्या काळात पुढचं जेवण कधी मिळेल ठाऊक नसायचं, तेव्हा विनाकारण शक्ती न घालवणं हे शहाणपण होतं. तेच शहाणपण पहाटे पाचला तुम्हाला पांघरुणात ओढतं. त्याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नका. त्याला कारण द्या, सोबत द्या. कट्ट्यावर वाट बघणारा मित्र अलार्मपेक्षा खात्रीचा असतो.

म्हातारपणी काय? हाड्झांच्या आज्या तरुण मुलींइतकाच, कधी त्यांच्याहून जास्त वेळ कंद खणतात आणि नातवंडांना खायला घालतात. क्रिस्टन हॉक्स या मानवशास्त्रज्ञ बाईंनी त्यावरून मांडलं, की पाळी गेल्यानंतरही माणसाची बाई इतकी वर्षं जगते, त्यामागं हे आजीपणच असावं. बालपणातून वाचलेली हाड्झा माणसं सत्तरीपर्यंतही पोचतात आणि शेवटपर्यंत हलती-चालती राहतात. "आई, तुम्ही बसा आता, आम्ही करतो," असं आपण प्रेमानं म्हणतो. प्रेम खरंच, पण सासूबाईंच्या हातातली पिशवी पूर्ण काढून घेऊ नका. अर्धी ठेवा.

काकांचं सांगायचं राहिलं. त्यांनी रंकाळा सोडला नाही, तासाचा अर्धा तास केला. उरलेला अर्धा तास दोन्ही जेवणांनंतर वाटून टाकला. दुपारी दुकानातून अंबाबाईच्या देवळाला बाहेरून एक फेरी, रात्री घराच्या गल्लीत. गुजरीत जाणं-येणं चालत. गिऱ्हाईक नसलं की गादीवरून उठून उभं राहायचं. माघात जोतिबाचे खेटे, म्हणजे रविवारच्या पायी वाऱ्या, सुरू झाले तेव्हा विचारत होते, "सगळे अनवाणी जातात, मीही जाऊ का?" पायाला मुंग्या येणाऱ्या मधुमेह्यानं अनवाणी अजिबात जायचं नाही, जखम झालेली कळतसुद्धा नाही. देव समजून घेईल, बूट घालून जा, असं मी त्यांना सांगितलं.

पहिल्या रविवारी ते निम्म्या वाटेवरून परत फिरले. तिसऱ्या रविवारी पहाटे वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढून वर गेले, सोबत पेठेतले चौघं. सोमवारी सकाळी रंकाळ्याला गेले नाहीत, नुसते दुकानापर्यंत सावकाश चालत आले, आणि मला फोन करून विचारलं, "आज सुट्टी घेतली तर चालतंय न्हवं?" चालतंय म्हटलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आता चैत्रात, जत्रेच्या आधी करायची आहे.